एविसचं नॉर्विच

कॅथीड्रलच्या अंगणात एविस थर्टल मान वर करून थांबली, तशी तिच्यामागून येणारी दोघंही थांबली. उंच मनोऱ्याच्या टोकाशी एक ठिपका घिरट्या घालत होता.

"बहिरी ससाणा आहे तो," एविस म्हणाली. "नवराबायको दोघं तिथंच राहतात. भाडं नाही, शेजारी नाहीत."

इमोजेन खुदकन हसली. तिचा नवरा रूपर्ट फोटो काढत राहिला. तरुण जोडपं सकाळच्याच गाडीनं लंडनहून आलं होतं. इमोजेन म्हणजे डेसमंडच्या, एविसच्या नवऱ्याच्या, जुन्या सोबत्याची पुतणी. लंडन सोडून इकडं राहायला यावं असं त्यांच्या मनात आहे, तू त्यांना जरा गाव दाखव, असं डेसमंडनं आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. एविसला तेवढं पुरेसं होतं. गेली बावीस वर्षं दर गुरुवारी ती परक्या पाहुण्यांना हौसेनं नॉर्विच दाखवत हिंडायची. सत्तरी उलटली तरी किल्ल्याच्या चढावर तिला धाप लागत नसे.

आज डेसमंडही बरोबर होता, याचं मात्र तिला नवल वाटत होतं. तो कामाला होता तो बुटांचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच असायचा, पण तिच्या फेरीला एकदाही आला नव्हता. हात पाठीशी बांधून तो चार पावलं मागून मुकाट चालत होता. उशिरा का होईना, ह्याला गावाची गोडी लागली, असं तिला वाटलं आणि तिचा आवाज आणखी खुलला.

बाजारात तिनं पाहुण्यांना गरम बटाट्याच्या फोडी आणि वर कुस्करलेले वाटाणे खाऊ घातले. वाटाण्यांवर पुदिन्याची चटणी घ्यायचीच, अशी ताकीदही दिली. ठेल्यावरचा ग्लिन तिला रोजचा ओळखणारा. तो रूपर्टला म्हणाला, "हिच्या नादी लागू नका, साहेब. मागं एक म्हातारा दोन दिवसांसाठी आला होता. हिनं त्याला गाव दाखवलं. तो आता माझ्या शेजारी मासे विकतो."

दुपारी डेसमंडनं गाडी काढली. क्रोमरच्या किनाऱ्यावर त्यांनी खेकडे खाल्ले, वाळूत लोळणारे सील पाहिले. परतताना दोन्ही बाजूंना सपाट शेतं पसरली होती आणि त्यांच्यावर पार खालपर्यंत उतरलेलं आभाळ. इथं नजरेला कुठं म्हणून अडायला होत नाही, असं एविस सांगत होती. डोंगराळ मुलखात वाढलेला डेसमंड समोर बघत गाडी चालवत होता. इमोजेननं शाळांविषयी विचारलं, हिवाळ्याविषयी विचारलं. मार्चमध्ये तिला मूल व्हायचं होतं. एविसनं तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की मूल वाढवायला याहून चांगली जागा साऱ्या इंग्लंडात नाही.

चहाला ती त्यांना घरी घेऊन आली. नदीकाठच्या गल्लीतलं ते चिंचोळं घर, मागे भिंतीला टेकलेलं नासपतीचं झाड. डेसमंड गाडी लावायला गेला होता. एविस किटलीत पाणी भरत असताना इमोजेननं भीतभीत विचारलं,

"वरची मागची खोली पाहू का? फोटोत ती फार उजेडाची वाटते."

"कुठल्या फोटोत?"

इमोजेननं फोन पुढं केला. एविसच्याच पलंगावर तिची नवी चादर. शेकोटीवरच्या कट्ट्यावरून तिच्या आईची तसबीर काढून ठेवलेली. खाली घराची किंमत. खिडकीत ऊन होतं, म्हणजे सकाळची वेळ. सकाळी ती फक्त गुरुवारी घराबाहेर असायची.

"मिस्टर थर्टल म्हणाले होते, घर दाखवायला नेहमीचा दलाल नको, माझी बायको दाखवेल," रूपर्ट कौतुकानं म्हणाला. "खरंच, आम्ही कालपर्यंत नक्की केलं नव्हतं. आज तुम्ही आमचं मन वळवलंत."

एविसनं किटली चुलीवर ठेवली. मग ती पुढं होऊन जिना चढली आणि त्यांना मागची खोली दाखवली. खिडकीचा खटका कुठं अडतो तेही दाखवलं. पाळणा या भिंतीशी ठेवा, इथं वारा लागत नाही, असं सांगितलं. तिचा आवाज एकदाही हलला नाही. दारात इमोजेननं तिच्या गालाचा मुका घेतला, तेव्हा ती हसलीसुद्धा.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. डेसमंड परतला होता. बाह्या सारून तो पाहुण्यांचे कप विसळत होता. घर त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, ही गोष्ट इतक्या वर्षांत तिच्या कधी मनातही आली नव्हती.

"माझ्याच तोंडून माझं घर विकलंस," ती म्हणाली. "असं फसवावंसं वाटलं तुला? मला?"

डेसमंडनं नळ बंद केला. हात पुसले. तो तिच्याकडे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"दोन वर्षं इथं राहू आणि मग माझ्या डोंगरात परत जाऊ, असं म्हणून तू मला आणलंस, एविस," तो म्हणाला. "त्याला या ऑक्टोबरात चव्वेचाळीस वर्षं होतील."