पोटरीचं माप

स्नायूंमध्ये प्रथिनं कशी तयार होतात हे शोधण्यात त्या संशोधकाने उभी हयात घालवली होती. पण अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पोटरीपुढे त्या विद्येची मात्रा चालेना. रोज तो तिला अंडी भरवी, पाय हलवून घेई आणि पोटरीला टेप लावी. माप रोज उतरलेलंच.

आज मात्र आकडा चढला.

"आई, वाढली गं!" तो पोरासारखा ओरडला.

"चला, तुझं शिक्षण फळाला आलं," आई हसली. "आता एवढा मोजा काढ बाबा, फार काचतोय."

मोजा उतरवला तर रबराचा खोल वळ. त्याने वळाच्या वर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला तो पडलाच. स्नायू कसला वाढतोय, पायात पाणी उतरलं होतं.

"काय रे, वाढलीय ना?"

"हो तर! चांगलीच वाढलीय," तो टेप गुंडाळत म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली.

"लहानपणी उंची मोजताना हळूच टाचा उचलायचास ना, तेव्हाही असाच खाली बघून बोलायचास."