अंगणातली हिरवळ

हिल्डाआजीच्या मेंढ्या कंब्रियाच्या खाडीकाठी चरत. अणुभट्टीचं विष तिथल्या चिखलात किती मुरलंय, ते तपासायला रूथ आली होती.

"विष चिकणमातीला धरून बसतं, आजी. पण दर भरतीला वर नवा गाळ चढतो. पंचाहत्तर सालचा सगळ्यांत वाईट थर आता हातभर खाली गेलाय."

"मग उगाच कशाला घाबरवता गं आम्हाला?"

बोलता बोलता आजी थबकली. पंचाहत्तर सालीच तिच्या लग्नासाठी नवऱ्याने खाडीकाठची हिरवळ गाळासकट कापून आणून अंगणात अंथरली होती. त्यावर आत्ता तिची पणती रांगत होती.

"पोरी, अंगणात भरती येत नाही. उपटून टाकू?"

"मोजल्याशिवाय नको. उपटलीत तर माती उडेल."

आजीने धावत जाऊन पणतीला कडेवर घेतलं आणि ती हिरवळीच्या मधोमध उभी राहिली. पुढचं पाऊल कुठे टाकावं, तिला कळेना.