दिवसभर वर असलेला खटका

"एक खटका वरच असतो, ताई. दिवसभर," बाळाराम म्हणाला.

हेमलता नुकतीच ड्यूटी संपवून दवाखान्याच्या बसमधून उतरली होती. संध्याकाळचे दिवे लागले होते, पण संध्याकाळ कधी झाली हे कोणालाच नीट कळलं नव्हतं. कुवेतच्या तेलविहिरी पेटल्यापासून धूर समुद्रावरून तरंगत सौदीतल्या कतीफपर्यंत येई आणि भरदुपारी सूर्य कागदी कंदिलासारखा मंद दिसे.

"कोणाचा खटका?"

"ते फक्त रणजितदादांना ठाऊक. पॅनेलवर नावं कुठं आहेत?"

बाळाराम कंपनीत सुतार होता. विजेच्या पॅनेलच्या खोलीचं दार दुरुस्त करताना त्याने ते पाहिलं होतं. युद्धामुळे डिझेलचे टँकर वेळेवर येत नव्हते. वसाहतीचा जनरेटर दिवसा फक्त पाण्याच्या पंपासाठी चाले आणि घरांचे खटके मावळतीपर्यंत खाली असत. कोणाला किती वीज, किती पाणी हे वीज-पाणी समिती ठरवायची, आणि समिती नेमायचा कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर. रणजित तिचा प्रमुख. पन्नाशीचा, कमी बोलणारा इंजिनियर.

हेमलता जिना चढून घरी गेली. सासूबाई, रेखाबाई, भात उपसत होत्या. नवऱ्याला, विवेकला, कंपनीने जेद्दाला पाठवलं होतं. युद्ध सुरू झालं आणि तो तिकडेच अडकला. घरात आता तिघीच. पाच वर्षांची स्मृती गादीवर पडून छतावरच्या सावल्यांना नावं देत होती.

"Mummy, this one is a camel."

हेमलताने तिच्या छातीला कान लावला. श्वास मोकळा होता. स्मृतीला दमा होता, आणि या धुरात मोठ्या माणसांचाही खोकला थांबत नव्हता.

"दिवसा त्रास झाला का, आई?"

"छे. दिवसा बरी असते ती," रेखाबाई म्हणाल्या आणि भातावर झाकण ठेवलं.

धूर यायला लागला त्या आठवड्यात रणजित एकदा दारात आला होता. "छोटीसाठी काही लागलं तर सांगा," म्हणाला होता. हेमलताने हात जोडले होते. "जे सगळ्यांना, तेच आम्हाला, दादा. मला वेगळी मेहेरबानी नको." तो रेखाबाईंकडे बघत क्षणभर उभा राहिला आणि गेला.

आता तिला ते आठवून राग आला. म्हणजे मेहेरबानी वाटत फिरतो हा माणूस. कोणीतरी घेतलीच असणार.

पुढचे काही दिवस तिने दारोदार जाऊन एकच गोष्ट सांगितली. समिती मुदीरने नेमायची नाही, आपण निवडायची. लोक ऐकत होते. सायरन, रेडिओ आणि धुराच्या त्या दिवसांत सगळेच अर्धवट झोपेत असल्यासारखे वावरत होते. आपल्या हातात काहीतरी आहे, हे ऐकूनच त्यांना जाग आल्यासारखं झालं. मुदीरनेही कटकट नको म्हणून होकार दिला.

मतदान शुक्रवारी ठरलं. युद्धामुळे दवाखान्यात शुक्रवारचीही सुट्टी नव्हती; हेमलताने कशीबशी अर्धी ड्यूटी बदलून घेतली आणि दुपारी बसमधून उतरून थेट अंगणात आली. आकाश त्या दिवशी जांभळट काळं होतं. चिमण्या रात्र समजून झाडात शिरल्या होत्या.

अंगणात दोन डबे मांडले होते, एक तिच्या नावाचा, एक रणजितच्या. प्रत्येकाने बुरैदा शहराकडचा एक खजूर खायचा आणि बी आपल्या माणसाच्या डब्यात टाकायची. बायका हसत होत्या. म्हातारा ताजुद्दीन मेस्त्री डोळे मिटून खजूर चघळत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मत देतोय, म्हणाला, सावकाश देऊ दे.

रणजितला बोलायला सांगितलं तेव्हा तो उठला. "निवडून आलेला माणूस टाळ्यांकडे बघून निर्णय घेतो. एवढंच माझं म्हणणं आहे."

"आणि नेमलेला मुदीरच्या तोंडाकडे बघून," हेमलता म्हणाली.

लोक हसले.

"तो खटका कोणाच्या घरचा आहे, दादा?"

"मुदीरचा नाही. माझाही नाही."

"मग कोणाचा?"

"नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय."

त्यानंतर बिया मोजायचीही गरज उरली नाही. एक डबा भरून सांडत होता. बाळारामने हेमलताच्या गळ्यात जास्वंदीची माळ घातली. किती दिवसांनी तिला हलकं वाटलं. धूर, युद्ध, जेद्दाहून न येणारा फोन, सगळं कुठेतरी दूर, पाण्याखाली गेल्यासारखं.

"आधी खटका!" कोणीतरी ओरडलं.

सगळे पॅनेलच्या खोलीकडे निघाले. रणजितने किल्ली तिच्या हातात दिली. मग हळूच म्हणाला, "हेमलताताई, दोन मिनिटं बाजूला या."

"आता बाजूला काही नाही. जे असेल ते सगळ्यांसमोर बोला."

त्याने जमलेल्या तोंडांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "आज धूर फार आहे. संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या."

"का? त्या घरात कोणी राजा राहतो?"

लोक कुजबुजायला लागले. हेमलताने दार उघडलं. मंद उजेडात खटक्यांची रांग होती, सगळे खाली झुकलेले, एकच ताठ. तिने तो दोन बोटांनी धरला आणि खाली ओढला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अंगणभर, धुरात, टाळ्या. ताजुद्दीनने टोपी हवेत उडवली. हेमलता दारात येऊन उभी राहिली आणि तिने सगळ्यांना हात जोडले.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन उघडली आणि तिच्या सासूबाई अर्ध्या बाहेर वाकून ओरडल्या, "रणजितभाऊ, अहो वीज गेली! स्मृतीचं वाफेचं मशीन बंद पडलं, पोरीला श्वास घेता येत नाहीये!"