पहिलं विरजण

वाटी चाटूनपुसून खाल्ल्यावर मला आठवलं, विरजणापुरतं दही बाजूला काढायचंच राहिलं!

आईने कपाळाला हात लावला. उद्या माझी पीएचडीची तोंडी परीक्षा, आणि निघताना हातावर दहीसाखर हवीच. दुकानातलं दही तिला चालेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिवे लागले गं. आता विरजण देत नाहीत."

शेवटी आईने कोमट दुधात हिरव्या मिरच्यांची देठं टाकली. "असं करतात म्हणे. मी कधी करून पाहिलं नाही." झाकण ठेवता ठेवता ती थबकली. "काय गं, जगातलं पहिलं विरजण कुठून आलं असेल?"

इतकी वर्षं मी दुसरं काय शोधत होते? दीर्घिका आपलं चुंबकत्व घुसळून घुसळून वाढवतात, पण त्यासाठी आधी थोडंसं असावं लागतं. विश्वाच्या आरंभी ते थोडंसं आलं कुठून? तापलेल्या वायूतच ते आपोआप उपजलं, असं मी प्रबंधात मांडलं होतं. पण माझ्या गणितात ते इतकं क्षीण निघालं होतं, की परीक्षक हसतील अशी धास्ती होती.

सकाळी आम्ही दोघींनी मिळून झाकण उचललं. दही लागलं होतं, पण पातळ, जेमतेम. मी बोट बुडवून चाखलं.

"आंबट आहे का?"

"अगदी नावाला."

"मग पुरे की," आधी चमचाभर वेगळं काढून ठेवत आई म्हणाली. "उद्याचं यावर घट्ट लागेल."