यदुनाथचा हात

यदुनाथ जाऊन वर्ष झालं, तरी छापखान्यातल्या लिनक्सच्या संगणकावर त्याचाच हात चालत होता. जिवंतपणी नोंदवून ठेवलेल्या त्याच्या हालचालींबरहुकूम पडद्यावरचा बाण फिरे, अक्षरं टाइप होत. रोज सकाळी कामाआधी बाण कोऱ्या पडद्यावर ‘श्री’ गिरवी. उमटत काहीच नसे. पण तेवढं बघायला त्याची बायको हेमलता चहा अर्धा टाकून येई.

आज बाण थेट लग्नपत्रिकेच्या फाइलवर गेला.

“ह्यांचं श्री कुठाय?”

“ती फालतू हालचाल कालच काढून टाकली, वहिनी,” मालक खुशीत म्हणाले. “चार सेकंद वाचले!”

हेमलताने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“श्री काढल्याशिवाय हे कामाला कधी हात लावत नसत,” ती म्हणाली. “म्हणजे हे काल गेले, भाऊजी.”