एका टाकीत

पुण्याहून वरकुट्याला पोचेपर्यंत दशरथच्या जुन्या गाडीचा काटा तळाला गेलेला असायचा. गावात सुटं पेट्रोल फक्त माऊलीच्या दुकानात मिळायचं, पण तेही नेमकं संपलेलं. मग सकाळी इंदापूरहून पेट्रोल येईपर्यंत दशरथ आईबापाकडं मुक्कामाला.

या दिवाळीला तो नवी गाडी घेऊन आला.

"तात्या, जाहिरातीत दाखवत्यात ते खरं हाय. एका टाकीत जाऊन परत!" असं म्हणत चहा घेतला आणि निघालाही. सारजाबाईंनी लेकासाठी अंथरलेली वाकळ तशीच राहिली.

धुरळा खाली बसल्यावर तात्याबा दुकानात गेले.

"माऊली, आता दशरथला खोटं सांगायचं काम न्हाय. ईक तुझं पेट्रोल."