कबरीची माती

संग्रहालयाच्या मागच्या दालनात एक जुनं छापचित्र होतं. परदेशातल्या एका नामांकित राजाची कबर चौघे मजूर फावड्यांनी उकरताहेत.

चित्राखाली रोज ओंजळभर ओली माती पडायची. साहेब म्हणाले, “झाडू मार दो, और क्या!” शिपाई हरिदास झाडायचा. रिटायरमेंटला दोन महिने उरलेला माणूस जास्त विचारत नाही. माती काळी, कसदार होती. बायकोच्या, कलावतीच्या कुंड्यांसाठी तो ती रिकाम्या डब्यात भरून बीरगांवला घरी न्यायचा.

आज दुपारी माती पडलीच नाही. एक काम वाचलं म्हणून तो स्टुलावर टेकला आणि सहज चित्राकडे पाहिलं.

मजूर तीनच होते.

तेवढ्यात कलावतीचा फोन आला.

“अहो, हा फावडंवाला तुम्ही पाठवला का? सगळ्या कुंड्या उकरून राहिला.”